शिवकांताची जट

बॅग भरून झाली होती. पाण्याची बाटली, जाड चादर, तोंडाला चव यावी म्हणून लिंबं, तपासण्यांची फाईल आणि येडाई देवीचा छोटा फोटो. उद्या सकाळी येरमाळ्याहून एसटीनं शिवकांता पहिल्या केमोला सोलापूरला निघणार होती. "येडाई संगं हाय, सहा डोस बघता बघता जातील," असं तीच सगळ्यांना धीर देत होती.

राहिली होती फक्त जट. अकरा वर्षांपूर्वी केसांत गुंता झाला, तेव्हा सासूबाईंनी, दगडाबाईंनी, हळदकुंकू वाहून तो देवीचा ठरवला आणि तिच्या डोक्याला फणी लावायला बंदी केली. आता डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "जट काढूनच या. खाली जखमा आहेत. केमोत त्या चिघळल्या तर जिवावर बेतेल."

"आईला इचारल्याबिगर कात्री कशी लावू?" नवरा उत्तरेश्वर सकाळपासून हेच म्हणत होता. बँकेतला शिकलासवरला माणूस, पण घरात शिरताना चपलेबरोबर शहाणपणही उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचा.

तेवढ्यात दगडाबाईच कात्री घेऊन आल्या. आठ महिन्यांपूर्वी सुनेनं छातीतली गाठ दाखवली, तेव्हा ह्याच बाई म्हणाल्या होत्या, "जटंला तेल लावलंस, म्हणून कोपली आई." मग मंगळवारामागून मंगळवार त्या गाठीवर अंगारा लावत राहिल्या. गाठ वाढत गेली.

"बस खाली."

"आत्याबाई, कोप झाला तर?"

"माझ्यावर हू दे. केस देवीनं दिले, गुंता आपण केला. तुझे आठ महिने म्या वाया घालवले गं, देवीनं न्हाय."

जट खाली पडली. शिवकांतानं मान डावीउजवीकडं फिरवून पाहिली. "लई हलकं वाटतंय," म्हणत ती हसली. ते हसू दगडाबाईंना शिवीपेक्षा जास्त लागलं.

दारात दहा वर्षांची नात, आरोही, उभी होती. तिच्या कानामागं बोराएवढा गुंता होता. मागच्याच आठवड्यात दगडाबाईंनी त्याला कुंकू लावलं होतं.

"आजी, माझी पण कापायची?"

"न्हाय बाळा, इंचरायची."

दगडाबाईंनी पोरीला पुढ्यात घेतलं, कुंकू पुसलं आणि तेलाच्या बोटांनी एकेक केस सोडवायला घेतला.

"दुखलं तर लगीच सांग," त्या म्हणाल्या. "आता म्या ऐकंन."