भिकनची लुकलुकी

भिकनच्या पोटात दुखत होतं, आणि त्या दुखण्याला ओवा लागू पडणारा नव्हता. समोरच्या गल्लीतल्या भूपेंद्रच्या गच्चीवर आजही आठ-दहा माणसं जमली होती.

लिंबायतच्या त्या खानदेशी मागवाल्यांच्या वस्तीला आभाळातले उपग्रह दाखवले कोणी? भिकनने. शनिवारच्या बाजारातून एका काचेला चरा गेलेली जुनी दुर्बीण आणली आणि यंत्रमागावरची पाळी सुटली की चार वर्षं मान मोडेस्तोवर गच्चीवर उभा राहिला. लोक आधी हसले, मग येऊ लागले. तेवढ्यात पर्वत पाटिया भागात कापडाच्या दुकानात काम करणारा हा भूपेंद्र नवी दुर्बीण आणि मोबाइल घेऊन उगवला. "सात बावीस, वायव्येकडून," म्हणायचा आणि ठिपका बरोबर तेव्हाच यायचा. मोबाइलने सांगितलं, त्यात याचा काय पराक्रम? आयत्या बिळावर नागोबा! पण वस्ती त्याच्या गच्चीवर गेली ती गेलीच.

भिकनजवळ एकच गोष्ट उरली होती. एक अंधुक ठिपका, बहुतेक कुठल्यातरी निकामी रॉकेटचा तुकडा, गडगडत जाताना लुकलुकायचा. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नसे. त्याची वेळ भिकनने पाहून पाहून बसवली होती आणि लुकलुकी हे नावही त्यानेच ठेवलं होतं. ती त्याने फक्त बायकोला, कुसुमला दाखवली होती. सकाळीच तो तिला म्हणाला होता, "आज सव्वासातनंतर ती येई. कोनले सांगू नको."

आणि तीच कुसुम आत्ता भूपेंद्रच्या गच्चीवर! शेजारणींबरोबर निघाली तेव्हा "तुम्हीबी चला" म्हणाली होती, पण हे महाराज फुगून बसले.

सात सतरा झाले. भिकनने दुर्बीण आभाळाकडे धरली खरी, पण जीव लागेना. हळूच त्याने ती समोरच्या गच्चीवर वळवली. मागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढलेल्या माणसाला लांबूनही ओठ वाचता येतात. कुसुमचे ओठ हलले, "आते लुकलुकी येई."

भिकनच्या अंगाचा तिळपापड झाला. सांगितलंस! सगळं सोडून त्यालाच सांगितलंस!

भूपेंद्रने मोबाइल चाळला आणि मान हलवली. "काकी, ॲपमा तर काईच नही." शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. भूपेंद्र कसा हसतो, कुसुम त्याच्याकडे कशी बघते, भिकन सगळं टिपत राहिला.

कुसुम हसत नव्हती. नवऱ्याचा हवाला देत ती म्हणाली, "फोनमा नही व्हई. आमना त्यासनी देखेल शे."

मग ती थेट भिकनकडे वळली. एकेकाळी ती त्याच्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची आणि तिथलं सगळं बोलणं हातांनीच चालायचं. तिने हात वर करून पंजा उलटा केला. कुठे? अख्खी गच्ची भिकनकडे बघू लागली. भूपेंद्रसुद्धा दुर्बीण डोळ्यांना लावून मुकाट्याने तयार राहिला.

याच घटकेसाठी तर भिकन झुरला होता. त्याने घाईघाईने दुर्बीण वर नेली. ती जिथून उगवायची त्या पाण्याच्या टाकीवर काही नव्हतं. डोक्यावर काही नव्हतं. पार पूर्वेला ती एकदाच लुकलुकली आणि पृथ्वीच्या सावलीत विझली. त्याने बोट दाखवलं तोवर दहा माणसांना नुसतं मोकळं आभाळ दिसलं.

दुर्बीण पुन्हा खाली आली. भूपेंद्रचे ओठ म्हणाले, "वहेम व्हई, काकी, नुसता भास." कुसुमने वर केलेला हात खाली घेतला. तिच्या ओठांवर वाचण्यासारखं काही नव्हतं.

घरी आल्यावर तिने चपला काढता काढता विचारलं, "लुकलुकी येवानी तवय तुम्ही कोनले देखी राह्यंतात?"

भिकनला शरमेने मान वर करवेना. "तुले," तो म्हणाला.

कुसुमने चपला कोपऱ्यात सरकवल्या.

"मी तं रोज घरमाच शे," ती म्हणाली, आणि भाकरी टाकायला आत गेली.