पहिल्या गिऱ्हाइकांना भेट

'कात्रीचा आवाज' या सिनेमात सगळ्यात आधी मी मरते. मुखवटा घातलेला शिंपी मला कपाटात गाठतो, आणि पुढच्याच प्रसंगात माझा काळ्या चौकटीतला फोटो, समोर उदबत्ती. थिएटरात कुत्रं फिरकलं नाही. मग कॅसेट निघाली आणि पोरांनी ती भाड्याने आणून आणून झिजवली. यंदा त्याची डिस्क काढली, तर कंपनीतल्या कुणा दीडशहाण्याला सुचलं की पहिल्या गिऱ्हाइकांना तोच फोटो भेट द्यायचा, चौकटीसकट. जिवंत माणसाचा असा फोटो अशुभ, म्हणून शूटिंगच्या वेळी निदान देवळात नेऊन माझ्यावरचं अरिष्ट उतरवून घेतलं होतं. या वेळी माझ्या प्रतीचं नुसतं पार्सल, तेही जुन्या पत्त्यावर. नागाओकाला, आईच्या घरी.

आईच्या डोक्यात हल्ली काही राहत नाही. मी दर महिन्याला टोकियोहून जाते. समोर गेले की ओळखते, हात धरून बसते, आणि मी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत विसरते. मग दिवसभर वहिनीच्या मागे भुणभुण, चिझुरू कधी येणार. पण ओळखते. मला 'पोरी' म्हणणारं आता दुसरं आहे कोण?

या खेपेला दार वहिनीने उघडलं.

"या वन्सं. आत बघून दचकू नका."

पितरांच्या देव्हाऱ्यात बाबांच्या शेजारी मी. तरणीताठी, दात काढून हसणारी. पुढे भाताची वाटी आणि एक संत्रं.

"तोमोए, हे काय?"

"तुमचाच फोटो. छान आलाय."

"मी जिवंत आहे."

"मला माहितीये. त्यांना सांगितलंय, तुम्ही गेलात. एक दिवस रडल्या, जेवल्या नाहीत. आता विचारावंसं वाटलं की फोटो बघतात नि गप्प बसतात. तुम्ही एक दिवस येऊन लाड करून घेता, वन्सं. बाकीचे दिवस माझे असतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो ओढायला हात घातला, तर मागे आई उभी.

"हात नका लावू हो. माझ्या मुलीचा आहे."

"आई, अगं मी. चिझुरू."

तिने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचे ओठ थरथरायला लागले. "अशी थट्टा करू नये. पोर गेलीय माझी."

"सिनेमातल्या मैत्रीण आहेत तिच्या," वहिनी शांतपणे म्हणाली. "भेटायला आल्यात."

"अगं बाई, मग बसा ना." आईने डोळे पुसले, चहा ओतला, माझ्या हातात उदबत्ती दिली. नाही म्हटलं असतं तर पुन्हा रडली असती. मी ती लावली, घंटा वाजवली, आणि स्वतःलाच हात जोडले. असला मेला अभिनय मी जन्मात केला नव्हता.

"फार आठवण येत असेल तिची," मी म्हटलं.

"येते की. पण वाट बघावी लागत नाही आता. रात्रीची झोप लागते." मग ती जरा अवघडली. "राग मानू नका, पण पुन्हा येऊ नका तुम्ही. म्हातारी झाली असती तर अशीच दिसली असती, असं वाटत राहतं. जीव तुटतो."

"नाही येणार," मी म्हटलं.

उंबऱ्याशी वहिनीने माझे बूट, निघालेल्या पाहुण्यांचे ठेवतात तसे, दाराकडे तोंड करून ठेवले होते.