काकांचे रक्त

शुक्रवारपर्यंत निकाल आला नाही तर संशोधनाचा विषय बदलावा लागेल, असे सरांनी तिला स्पष्ट सांगितले होते. शेंगा धरणाऱ्या त्या उंच झाडाच्या बियांत लेक्टिन हे प्रथिन असेल, तर बियांच्या अर्काने रक्तातल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटायला हव्या होत्या. पण चार महिने पेशी सुट्याच राहत आणि चाचणीच्या खळगेदार बशीत तळाशी घरंगळून त्यांचा लहानसा ठिपका होई.

गुरुवारी प्रयोगशाळेतले काचसामान धुणाऱ्या काकांचे लक्ष तिच्या बोटांकडे गेले.

"ताई, बोटांची पार चाळणी केलीत की! दर वेळी स्वतःचंच रक्त?"

"दुसऱ्या कुणाला कशाला त्रास द्यायचा, काका?"

"मग आज माझं घ्या. मला डास सोडत नाहीत, तुमचं झाड कशाला सोडेल?"

तासाभराने तिने बशी उजेडात धरली. काकांच्या पेशी एकमेकींना चिकटून खळग्याच्या तळभर पातळ थरासारख्या पसरल्या होत्या. तिने दोघांची ओळखपत्रे पाहिली. तिचा रक्तगट ओ होता, काकांचा ए. झाडाचे प्रथिन ए गट ओळखत असावे, आणि ती मात्र भिडेखातर त्याला ओ गटच दाखवत बसली होती.

"काका, माझा विषय वाचला! तुमचे उपकार कसे फेडू?"

"फेडताय कसले? काय झालंय ते मलाही दाखवा की."

तिने आपले स्टूल त्यांच्यापुढे सरकवले आणि पहिल्या खळग्यापासून ती त्यांना सारे समजावून सांगू लागली.