नणंद-भावजयीचा पहारा

मास्तरीण वैतागली होती, आणि वैतागायला तिच्याकडे कारणांचा तोटा नव्हता. गाडी शिकायला आलेले गृहस्थ कुठल्याशा कचेरीत मोठे साहेब होते. तिथे त्यांचा शब्द झेलायला माणसं असतील, पण पायाखालचा क्लच काही त्यांना जुमानत नव्हता. गोल बागेच्या चौकात गाडी पुन्हा बंद पडली आणि मागे भोंग्यांचा कल्लोळ उठला.

“गाडीतच काहीतरी बिघाड आहे,” साहेब म्हणाले.

“पाय हळू सोडा. लाथ मारायची नाहीये तिला,” मास्तरीण म्हणाली, आणि तिची नजर समोरच्या इमारतीवर गेली.

दुसऱ्या मजल्यावर गणवेश शिवायचा कारखाना होता. त्याच्या खिडकीवर आतून किटण चढलं होतं. तव्याच्या पाठीवर साचतं तसं, काळपट, तेलकट. काल कोपऱ्यात तळहाताएवढं होतं, आज अर्धी काच त्याने व्यापली होती. येणाऱ्याजाणाऱ्यांना ती मळकी काच वाटत होती. पण मळ श्वास घेत नाही. हे घेत होतं.

जिथे माणसं एकमेकांवरचा राग गिळून रोज शेजारी बसतात, तिथे किटण धरतं. आधी नुसती धुसफुस वाढते. मग कोणाचा डबा सांडतो, कोणाचं कापड फाटतं. आणि एक दिवस कोणीतरी कोणावर कात्री उगारतं आणि सगळे म्हणतात, इतकी गरीब बाई, हिने असं कसं केलं! तसं होऊ नये म्हणून शहराच्या प्रत्येक भागात दोन माणसं पहाऱ्यावर असत. कोणाच्या खिजगणतीत नसलेली, आपापला धंदा सांभाळून हे करणारी. मास्तरीण त्यातली एक. शिकाऊ गाडी गल्लीबोळांतून गोगलगायीसारखी फिरली, कुठेही थांबली, तरी लोक फार तर शिव्या देतात, संशय घेत नाहीत.

किटणाला मारायचा उपाय एकच. दोघांनी दोन बाजूंनी त्याच्याकडे एकटक बघायचं. एकाच्या नजरेला ते दाद देत नाही, पाठ फिरवतं. पण दोन्हीकडून नजर लागली की त्याला लपायला जागा उरत नाही. ते वाळतं, त्याचे पापुद्रे सुटतात आणि गळून पडतं. मेख अशी, की किटण मध्ये असल्यामुळे आपला जोडीदार आपल्याला दिसत नाही. तो बघतोय असं धरून चालायचं. त्याने नजर काढली तर सगळा भार आपल्या डोळ्यांवर येतो.

मास्तरणीच्या जोडीला इतकी वर्षं एक घड्याळजी होते. त्यांचा एक डोळा कधीच गेला होता, आता गुडघेही गेले, आणि ते मुलीकडे राहायला गेले. तेव्हापासून मास्तरीण एकटीच होती, आणि खिडकीवरचं किटण दिवसागणिक वाढत होतं.

दुपारी ती जलतरण तलावावर गेली. तिथल्या तिकीट खिडकीत थोरली बसायची. सगळ्या पहाऱ्याची सूत्रं तिच्या हातात होती, पण बघणाऱ्याला ती पोहायच्या टोप्या विकणारी एक तुसडी बाई वाटे.

“मिळाली तुला जोडीदारीण,” थोरली म्हणाली. “वर पायऱ्यांवर बसलीय. आधीच सांगते, आदळआपट करू नकोस.”

मास्तरीण वर गेली. ओल्या फरशीचा आणि औषध घातलेल्या पाण्याचा वास कोंदला होता. सगळ्यात वरच्या पायरीवर मांडीवर पर्स ठेवून, पाठ ताठ करून तिची नणंद बसली होती.

“तू?” नणंद म्हणाली.

“तुम्ही?” मास्तरीण म्हणाली.

दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं त्याला बरीच वर्षं झाली होती. नणंद जनावरांची डॉक्टर, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी, नवऱ्याची मोठी बहीण. घरात तिचा उल्लेख ‘ताईसाहेब’ असा नाक मुरडूनच होई. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं मास्तरणीने केलं. शेवटच्या दिवशी ‘दुपारी मी बसते आईजवळ, तू जाऊन ये’ असं ताईंनी कबूल केलं होतं. त्या आल्याच नाहीत. सासूबाई दाराकडे बघत गेल्या. आणि नेमकी त्याच दुपारी मास्तरणीला पहाऱ्यावर बोलावणं होतं. ती घरातून हलू शकली नाही, घड्याळजी एकटे गेले आणि एका डोळ्याला मुकले.

“त्या दिवशी तुम्ही...” मास्तरणीने सुरुवात केली आणि तिचं तिलाच उत्तर सापडलं.

“पार्सलच्या गोदामात होते,” ताई म्हणाल्या. “सकाळीच बोलावणं आलं. वाटलं, दुपारपर्यंत आटपेल. उठून आले असते तर जोडीदारणीचे दोन्ही डोळे गेले असते.” पर्सचा बंद सारखा करत त्या म्हणाल्या, “मला वाटायचं, तू माझ्या आईचं करून दाखवतेस आणि धाकट्याचे कान भरतेस.”

मास्तरीण तडक खाली आली. “तुम्हाला हे माहीत होतं?”

“होतं,” थोरली एका पोराला सुटे पैसे देत म्हणाली. “पण जोडीपलीकडे कोणी कोणाला ओळखायचं नाही, हा नियम आहे. एकाला किटणाने धरलं तर सगळे सापडतील. त्या टोकाला आता माणसं झाली, या टोकाला कोणी नाही, म्हणून तिला इकडे आणलं. आता कळलं ना? मग मिटवा.”

मिटवा म्हणे! इतक्या वर्षांचा राग म्हणजे काय नळ आहे, तोटी फिरवली की बंद? मास्तरणीला थोरलीची खिडकी फोडावीशी वाटली. चूक ताईंची नव्हती, हे कळल्यावर तर ती अधिकच चिडली. इतकी वर्षं जपलेला राग आता ठेवायचा कुठे?

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या बाया जेवायला खाली उतरल्या तेव्हा या दोघी गणवेशाची चौकशी करायच्या मिषाने वर गेल्या. किटण खिडकी सोडून शिवणयंत्रांच्या मधल्या वाटेत उतरलं होतं, पडद्यासारखं लोंबत होतं.

“मी खिडकीकडून, तू दाराकडून,” ताई म्हणाल्या. “आणि बोलायचं नाही.”

“घड्याळजी आणि मी अंक मोजायचो. म्हणजे दुसरा आहे ते कळतं.”

“जनावर धरताना मी गप्प असते. बडबडीने ते बिथरतं.”

“हे तुमच्या दवाखान्यातलं मांजर नाहीये!”

शेवटी गप्प राहूनच बघायचं ठरलं. मास्तरणीने नजर लावली. डोळे चुरचुरू लागले, पाणी सुटलं. किटणाच्या कडा चुरगळायला लागल्या. पलीकडून श्वासाचाही आवाज नव्हता. आणि तिच्या मनात आलं, या बाई आहेत का तिथे? तेव्हाही ‘येते’ म्हणाल्या होत्या. एवढं मनात आलं आणि ती तसूभर बाजूला झुकली, पलीकडे बघायला.

ताई किंचाळल्या. डोळ्यांवर हात दाबून त्या कपाटावर आदळल्या.

“बघत होते ना मी!” त्या ओरडल्या. “का काढलीस नजर?”

“मला काय ठाऊक तुम्ही आहात की नाही! तुमचा काय भरवसा?”

“माझा भरवसा? तू माझ्या भावाला तोडलंस माझ्यापासून! चौकातच दुकान आहे धाकट्याचं, पण समोरून जाताना मी मान खाली घालते!”

“त्याला तुम्ही तोडलंत! चष्मे घासत बसलेला असतो बिचारा, आईचं नाव निघालं की अजून उठून जातो!”

आणि आपण काय बोललो ते दोघींना एकदम कळलं. पहाऱ्यावर पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, की किटणासमोर घरच्या माणसाचा विषय काढायचा नाही. दोघींनी मिळून त्याला नावगाव, पत्ता, दुखरी जागा, सगळं देऊन टाकलं होतं. वाटेत आता काही लोंबत नव्हतं. खिडकी स्वच्छ होती.

मास्तरणीचा नवरा चष्म्यांचं दुकान चालवत असे. गिऱ्हाइकाने शंभर फ्रेमा बघून एकही घेतली नाही तरी ‘घरी जाऊन विचार करा’ म्हणून हसणारा माणूस. संध्याकाळी तो घरी आला तो तोंड वाकडं करूनच. ताटावर बसून म्हणाला, “गाड्या शिकवतेस की गावभर उंडारतेस? आई आजारी असतानाही तुझा एक पाय दारातच असायचा.” असं तो जन्मात बोलला नव्हता. तो पाणी प्यायला वळला तेव्हा त्याच्या मानेवर, कॉलरच्या वर, तिला काळपट तेलकट कड दिसली.

सकाळी तिने ताईंना फोन लावला.

“मीच करणार होते,” ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. “त्याचा फोन आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, आई मरताना तुझं नाव घेत नव्हती, तुला शाप देत होती.”

“खोटं आहे ते, ताई. मी होते तिथे.”

“माहीत आहे गं. तरी लागतंच.”

दोघी दुकानात पोचल्या तेव्हा तो काउंटरमागे स्टुलावर बसला होता. किटण मानेवरून गालावर आलं होतं. ताई मागच्या तपासणीच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, मास्तरीण काउंटरपुढे. त्या दुकानात जिकडेतिकडे आरसे. फ्रेम लावून बघायचे छोटे, भिंतीवरचे मोठे. बुबुळ केसभर हललं असतं तर ताई दिसल्या असत्या. कारखान्यात निदान झुकावं लागलं होतं.

तिने त्याच्या गालावर नजर लावली.

“काय बघतेस?” तो म्हणाला. आवाज त्याचाच, पण त्यात रॉकेलसारखं काहीतरी. “मी घरी एकटा आईची भांडी धूत होतो तेव्हा तू कुठे होतीस? आठवड्यातून दोनदा कुठल्या मैत्रिणीकडे जायचीस? मला मूर्ख समजतेस?”

ती बघत राहिली. हे शब्द किटणाचे असले तरी प्रश्न त्याचेच होते, हे तिला कळत होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं. गालावरची कड पांढुरकी पडली.

“ताईवर विसंबलीस?” तो हसला. “ती बघ, निघाली.”

दाराची घंटा किणकिणली. कोणीतरी आलं होतं किंवा कोणीतरी गेलं होतं. डाव्या हाताला भलामोठा आरसा होता. मास्तरणीच्या मानेची शीर न् शीर तिकडे ओढ घेत होती. डोळ्यांत जळते निखारे ठेवल्यासारखं झालं होतं. गेल्या असतील तर जाऊ देत, ती मनाशी म्हणाली. माझे डोळे गेले तर जाऊ देत. पण या वेळी मी आधी बघणार नाही. जीव गेला तरी नाही.

“उघडं आहे का दुकान?” मागून कोणा गिऱ्हाइकाने विचारलं.

“बंद आहे!” तपासणीच्या खोलीच्या दारातून ताई कडाडल्या, आणि मास्तरणीला हसू फुटायचंच बाकी राहिलं.

काळे पापुद्रे त्याच्या खांद्यांवर सुटत गेले, शर्टावरून घरंगळून फरशीवर पडले आणि तिथे त्यांची राख झाली. तो पुढे झुकला. तिने काउंटरवरून त्याचं डोकं धरलं.

थोड्या वेळाने त्याने कपाळ चोळत मान वर केली. “डोकं ठणकतंय. मी काय बोलत होतो?” मग वळून त्याने बहिणीला पाहिलं. तिचे डोळे लाल होऊन गळत होते. “ही इथे काय करतेय?”

“मी बोलावलं,” मास्तरीण म्हणाली.

“मला न विचारता?”

ताईंनी पर्स उचलली आणि त्या निघून गेल्या.

किटण गेलं होतं, पण राग जसाच्या तसा होता. मास्तरणीला ते सहन होईना. ज्याला वाचवलं त्याच्याच घरात हे असं! संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता तिने नियम मोडला. पहारा, किटण, घड्याळजींचा डोळा, पार्सलचं गोदाम, सगळं सांगितलं. नवऱ्याने ऐकून घेतलं.

“म्हणजे,” तो शेवटी म्हणाला, “माझी आई जात होती तेव्हा ताई एका गोदामात भिंतीकडे टक लावून बसली होती.”

“भिंतीकडे नाही रे—”

“किती पढवलंय तिने तुला! जरा बरं तरी कारण शोधायचं.”

तिने हातातलं पातेलं सिंकमध्ये आपटलं. शहर वाचवता येतं, पण एक नवरा ऐकत नाही!

“ती का नाही येऊन सांगत हे?” तो म्हणाला. “तुला वकील नेमलंय का?”

तिने तिथल्या तिथे ताईंना फोन लावला आणि नवऱ्याला सगळं सांगितल्याचं कबूल केलं.

“तू सांगितलंस त्याला?” ताई ओरडल्या. “नियम आहे!”

“माझा मोडून झालाय. आता तुम्ही मोडा.”

“मला जमणार नाही.”

“सांगू नका मग. पण या. या वेळी या, ताई.”

फोन कट झाला. त्या येणार की नाही, काही कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला दारावरची बेल वाजली. ताई उंबऱ्यात उभ्या होत्या, कोटाला कुत्र्याचे केस चिकटलेले, काळा चष्मा लावलेला. नवरा हातातला कप घेऊन तसाच उभा राहिला. आत ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

ताईंनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. आयुष्यभराची शिस्त आडवी येत होती. मास्तरीण मनातल्या मनात त्यांना ढकलत होती.

“मला यायचं होतं रे,” ताई एवढंच म्हणाल्या.

“मग यायचं होतंस,” तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

त्याने हातातल्या कपाकडे पाहिलं. मग तो वळून आत गेला आणि टेबलाशी बसला. दार त्याने उघडंच ठेवलं होतं. ताई कोट न काढता आत आल्या आणि समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या. मास्तरणीने तिसरा कप काढला आणि चहाचं आधण वाढवलं.