फळ्यावरून पुसलेला बळीराम

उमेळ्याच्या नाक्यावर वाचनालयाचा फळा आहे. निवृत्त झाल्यापासून प्लासिड मास्तर रोज चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून त्यावर दिनविशेष लिहितात. आजच्या तारखेला जगात कोण जन्मलं, कोण गेलं, कुठे काय घडलं. गावाला त्याचं सोयरसुतक नाही, मास्तरांना आहे.

वर्षातली ही एक तारीख मात्र त्यांच्या डोक्यात जायची. मागे एका पावसाळ्यात याच दिवशी गावातला बळीराम गेला. धर्माशेठने इमारतींसाठी नाल्यात भराव टाकला, पाणी तुंबलं, आणि म्हैस सोडवायला गेलेला बळीराम गोठ्यातच बुडाला. धर्माशेठचा वाढदिवसही नेमका याच तारखेला! तारखेलासुद्धा लाज नाही, असं मास्तरांना वाटे.

तरी दरवर्षी जगातल्या थोरामोठ्यांच्या खाली ते लिहीत, 'मृत्यू : बळीराम, उमेळे.' त्याची बायको पुतळाबाई त्यासाठीच येई. तिला वाचता येत नव्हतं, आणि नवऱ्याचं नाव तिने जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं. गावाने तर ते घेणंच सोडलं होतं. मास्तर वाचत, ती पदर डोळ्यांना लावून ऐके. वर्षातून तेवढंच.

यंदा मास्तर ओळ लिहून चहाला घरी गेले. परतले तर नाक्यावर मांडव, कानठळ्या बसवणारी गाणी, दात विचकणारा धर्माशेठ बॅनरवर, आणि खाली उष्ट्या प्लेटांचा खच. त्यावर माश्या घोंगावत होत्या. फळ्यावर 'जन्म'खाली धर्माशेठचं नाव, आणि बळीरामाची ओळ ओल्या फडक्याने पुसलेली. मास्तर मांडवाकडे वळले.

"कुणी पुसलं हे?"

"मीच, सर," बळीरामाचा मुलगा अल्पेश म्हणाला. तो शेठच्याच साइटवर सुपरवायझर होता. "शेठचे फोटो निघणार इथे. बरं नाही दिसत ना. उद्या लिहा परत."

"उद्या? तुझा बाप उद्या मेला काय रे?"

अल्पेश हसला. भरावापेक्षा, बॅनरपेक्षा त्या हसण्याचीच मास्तरांना जास्त किळस आली.

तेवढ्यात पुतळाबाई आली. अल्पेशने लगबगीने केकचा तुकडा आईला भरवला. कसला, कुणाचा, न विचारता ती चघळत फळ्यासमोर उभी राहिली.

"मास्तर, वाचा."

खोटं वाचलं असतं तरी तिला कळलं नसतं. पण मास्तरांनी होतं तसं वाचलं, धर्माशेठच्या जन्मासकट, आणि थांबले.

"आनि आमच्या मानसाचं?"

"अल्पेशने पुसलं, वहिनी. तोंडात आहे तो केक धर्माशेठच्या वाढदिवसाचा."

पुतळाबाईचं तोंड चालायचं थांबलं. तिने मुलाकडे पाहिलं आणि घास थुंकला, थेट त्याच्या पांढऱ्या बुटांवर. मग फळ्याखालचा खडू उचलून त्याच्या हातात कोंबला.

"बळीराम," ती म्हणाली. "तुझ्या बापाचं नाव बळीराम. लिव."