दगडावरची कोरी जागा

कवी ऑब्री थ्वेटच्या थडग्यावरचा दगड अर्धाच कोरलेला आहे. खालची अर्धी जागा त्याच्या बायकोसाठी, मॉडबाईंसाठी, राखून ठेवलेली. चर्चच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, त्यामुळे बस भरभरून येणाऱ्या वाचकांना तो दगड मीच दाखवते. सगळे तिथे डोळे पुसतात. मला त्या डोळे पुसण्याचा भारी राग येतो.

कारण त्याची सगळ्यात गाजलेली कविता शीळ घालत कपडे वाळत टाकणाऱ्या बायकोवर आहे. शाळेतल्या पोरांना ती पाठ असते. आणि मॉडबाईंना शीळ घालता येत नाही. चाळीस वर्षं लोक "एकदा शीळ घाला ना" म्हणून मागे लागतात आणि त्या चहाचा कप तोंडाला लावतात.

त्यात दर मार्चमध्ये, तो गेला त्या तारखेला, थडग्यावर जॅमच्या बरणीत प्रिमरोझची फुलं दिसायची. कोण ठेवतं, कुणाला ठाऊक नव्हतं.

यंदा मॉडबाईंनी अंथरूण धरलं. त्या तारखेच्या आदल्या दिवशी मला बोलावून म्हणाल्या, "हिल्डा, उद्या सकाळी नजर ठेव. दुसरी कुणी होती असं निघालं, तर मला त्याच्याजवळ पुरू नका. माझ्या आईजवळ न्या."

"आता या वयात कशाला उकरून काढता?"

"मग कधी काढू? पुढे कायमचं पडायचंय मला तिथे."

सकाळी सातपासून मी चर्चच्या खिडकीशी दबा धरून बसले. आठच्या सुमाराला आधी शीळच ऐकू आली. मागून बरणी घेऊन आली ती एनिड. पोस्टाच्या खिडकीत बसायची ती. तीस वर्षं मी तिच्याकडून तिकिटं घेतली, आणि संशय मात्र ऑर्गन वाजवणाऱ्या बाईवर घेत आले. एनिडनं फुलं ठेवली आणि दगडाच्या कोऱ्या भागावरून हात फिरवला.

मॉडबाईंना मी सरळ थाप मारली. "शाळेच्या पोरी होत्या, सहलीच्या."

"मार्चच्या थंडीत? इतक्या सकाळी?"

मी त्यांची उशी सारखी करायला लागले.

"अजून शीळ घालते ती?"

माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. रडू मलाच येत होतं.

"मग आईजवळ न्यायचं ना?" मी विचारलं.

"वेडी आहेस का? ती जागा रिकामी सोडून? पाथरवटाला निरोप दे, आजच माझं नाव कोरायला घे म्हणावं. आणि अक्षरं मोठी काढ म्हणावं. पार खालपर्यंत."