कमलाबाईंनी धुतलेला स्पंज

तुमसरहून लेकाकडे भिलाईला आल्या की कमलाबाईंचा हात स्वस्थ बसत नसे. प्रफुल प्लांटमध्ये ड्युटीवर गेला, की त्या सगळं क्वार्टर घासूनपुसून काढायच्या. राहिली होती फक्त बैठकीतली खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यात पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन नारिंगी मासोळ्या होत्या. एका दुपारी त्यांनी फिल्टर उघडला, तर आतला स्पंज गाळानं बरबटलेला. लेकानं जीव लावलेल्या मासोळ्या असल्या घाणीत? त्यांनी साबण लावून तो नळाखाली स्वच्छ धुतला आणि परत बसवला.

दोनच दिवसांत मासोळ्या वर येऊन धापा टाकू लागल्या. प्रफुलनं काचेच्या नळीत पाणी घेतलं आणि औषधाचे थेंब टाकून तपासलं. नळीतला रंग गर्द हिरवा झाला, म्हणजे मासोळ्यांच्या घाणीतून सुटणारा विषारी अमोनिया वाढलेला. लाइट गेली होती का, पंप बंद पडला होता का, तो विचारत राहिला. कमलाबाईंना गप्प बसता आलं असतं.

"स्पंज म्या धुतला, बापू. साबणानं."

प्रफुल हातातली नळी ठेवून खाली त्यांच्याजवळ बसला. "माय, ते घाण नव्हती. त्यात बारीक जंतू राहातेत. मासोळ्याइची घाण तेच पचवतेत."

घरात तयार होतं तेवढं मिठाचं पाणी घालून त्यानं टाकीतलं पाणी बदललं, पण जंतू नव्यानं जमायला महिना लागला असता. भिलाईतच जुनवानीला राहणाऱ्या त्याच्या मैत्रिणीकडे, नीतूकडे, अशीच जुनी टाकी होती; तिच्या स्पंजात तसे जंतू भरपूर असणार. प्रफुलनं स्कूटर काढली, तशा कमलाबाई मागे बसल्या. चूक माही, त जंतू मागीन बी मीच, म्हणाल्या.

नीतूनं सगळं ऐकलं, आपल्या फिल्टरमधला मळका स्पंज काढून कात्रीनं अर्धा कापला आणि टाकीच्याच पाण्यात बुडवून पिशवीत दिला.

"तुह्या मासोळ्याइले कमी नाही पडन का, बाई?"

"उरलेल्यातून पुन्हा वाढतीन, काकू. तवरक मी त्याइले खायाले कमी देईन."

ते परतले तेव्हा धाकटी मासोळी तळाशी निपचित पडली होती. कमलाबाईंनी तिला जास्वंदीखाली पुरलं. नीतूचा स्पंज फिल्टरमध्ये बसला आणि थोरली तगली.

त्यांनी गावी जाणं लांबवलं. रोज चष्मा लावून नळीतला रंग त्या स्वतः पाहू लागल्या. हिरवा फिका होत होत पिवळा झाला, म्हणजे अमोनिया उतरला, त्या दिवशी मासोळी दगडाआडून बाहेर आली आणि तिनं दाणा टिपला. प्रफुल खुशीत म्हणाला, उद्याच हिला जोडीदार आणतो.

"थांब थोडा," कमलाबाई म्हणाल्या. "पाण्याले आधी पुरतं बरं होऊ दे."